मोहाचा थर

ब्रह्मपुरीच्या त्या कॉलेजात भौतिकशास्त्र विभागाचे प्रमुख होते डॉ. मुखरू बगमारे. मुखरू हे नाव त्यांना आवडत नसे. म्हणून दारावरच्या पाटीवर, निमंत्रणपत्रिकेवर, अगदी सत्काराच्या हाराला लावलेल्या चिठ्ठीवरसुद्धा ते ‘डॉ. एम. डी. बगमारे’ असं लिहवून घेत. त्यामुळे एकदा एका पालकाने त्यांना पोटदुखीवर औषध विचारलं होतं, आणि सरांनी ते सांगितलंही होतं. माहीत नाही असं म्हणायची सरांना सवय नव्हती. विभागातली दुसरी प्राध्यापिका, दिव्यानी खोब्रागडे, हा किस्सा प्रत्येक नव्या माणसाला ऐकवायची. एवढा ऐकला की सरांबद्दल आणखी काही सांगायचं उरत नाही, असं तिचं म्हणणं.

दिव्यानी नागभीडची. वडील रेल्वेत होते. निवृत्त झाल्यावर जंक्शनजवळच घर बांधून राहिले. ती नागपुरात शिकली, पुढे बंगळुरूच्या एका प्रयोगशाळेत सोलर सेलवर पीएचडी केली आणि म्हाताऱ्या आईवडिलांच्या जवळ राहता यावं म्हणून ब्रह्मपुरीची जागा धरली. आल्या दिवसापासून तिला वाटत आलं की आपण चुकीच्या स्टेशनवर उतरलो. तेव्हापासून तिच्या जिभेला जी धार चढली, ती काही उतरली नाही.

तिचा विषय सांगायला सोपा होता. पेरोव्हस्काईट नावाचं एक काळसर स्फटिक असतं. त्याचा केसाहून कितीतरी पातळ थर काचेवर चढवला आणि त्यावर ऊन पडलं, की आत दोन प्रकारचे भार सुटे होतात, ऋण आणि धन. ऋण भार एका बाजूने बाहेर काढायचे आणि धन भार दुसऱ्या. दोघांची गाठ आतल्या आतच पडली, तर वीज जागच्या जागी मरते. म्हणून स्फटिकाच्या खाली एक थर आणि वर एक थर द्यायचा. खालच्याने फक्त ऋणाला वाट द्यायची, वरच्याने फक्त धनाला. बाकी स्फटिक कितीही गुणाचं असो, सेलची अब्रू या दोन थरांच्या हातात.

या कामाला कोरडी हवा लागते. धानपट्ट्यात पावसाळ्याचे चार महिने भिंतींनाही घाम सुटतो, तिथे हा सेल उघड्यावर करणं म्हणजे पापड पाण्यात वाळवणं. त्यासाठी विभागात नायट्रोजन भरायची काचेची मोठी पेटी आलीही होती. तिचं थाटात उद्घाटन झालं, फोटो निघाले, आणि सिलिंडर जोडायचं राहून गेलं. आत धूळ जात नाही हे ध्यानात आल्यावर बगमारे सरांनी आपली सगळी स्मृतिचिन्हं त्या पेटीत मांडून ठेवली. दिव्यानी आल्यागेल्याला पेटी दाखवायची. “जगात पेरोव्हस्काईट जपतात,” ती म्हणायची, “आम्ही ढाली जपतो.”

अशा विभागात एके दिवशी मोहा शिरला.

सर नागपूरच्या कुठल्याशा कार्यशाळेला जाऊन आले होते. तिथे कुणीतरी ‘स्थानिक साधनसंपत्ती’ हा शब्द वापरला, तो त्यांनी गाठीला बांधून आणला. दुसऱ्या दिवशी त्यांनी विभागाची बैठक बोलावली आणि जाहीर केलं की आपण सेलचा वरचा थर मोहफुलांच्या अर्काचा करणार. जंगलातलं फूल, जंगलातली वीज. हरित, स्वदेशी, आदिवासी. मधल्या स्फटिकात शिसं असतं, हे सर कधी बोलत नसत.

“पण सर, मोहफूल म्हणजे निव्वळ साखर,” दिव्यानी म्हणाली. “साखर वीज वाहत नाही. आणि हवेतलं पाणी ओढते.”

“मॅडम, नकारात्मकतेतून संशोधन होत नसतं,” सर म्हणाले, आणि बैठक संपली.

काम पडलं प्रणित मडावीच्या गळ्यात. हा सरांचा पीएचडीचा विद्यार्थी, वैरागडच्या पुढच्या एका गावचा गोंड मुलगा. मुलगा म्हणायचं एवढंच, लग्न होऊन त्याला लेकरू झालेलं. सरांनी त्याला घेतलं तेव्हा दिव्यानी त्याला तोंडावरच म्हणाली होती, “तुला विद्यार्थी म्हणून नाही घेतलं. पोस्टर म्हणून घेतलं.” प्रणित नुसता हसला होता. त्याने काम मात्र पोस्टरासारखं केलं नाही. पेरोव्हस्काईटला पाणी लागलं की ते विरतं आणि मोहाचा अर्क तर पाण्यातच उतरतो. प्रणितने महिनोन् महिने खपून अर्क अशा द्रवात उतरवला, जो खालच्या स्फटिकाला चाटत नाही. गरगर फिरणाऱ्या चकतीवर काच ठेवून थेंब सोडायचा त्याचा हात इतका बसला, की थर आरशासारखा एकसमान यायचा. वर कार्बनचा लेप देऊन त्याने सेल केले आणि ते चालले. अकरा टक्के कार्यक्षमता आली.

सरांच्या अंगात वारं शिरलं. काहीही पाठवा, छापतो, अशा एका नियतकालिकात शोधनिबंध छापून आला. वर्तमानपत्रात ‘मोहफुलांतून वीज’ अशी चौकट आली. पावसाळ्यात तेच सेल पिवळे पडले, तेव्हा सर बघायला आले आणि म्हणाले, “हा परिपक्व रंग आहे.” दिव्यानी त्या दिवशी प्राध्यापकांच्या खोलीत इतकी हसली, की मराठीच्या बाईंनी तिला पाणी आणून दिलं.

एकदा तिने भर बैठकीत विचारलं होतं. “सर, मोहा न लावता एक तरी सेल करून पाहिला का? बाकी सगळं तेच, फक्त मोहा नाही?”

सरांनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. “मॅडम, मोहाशिवाय मोहाचा सेल कसा होईल?”

हे वाक्य दिव्यानीने नागभीडपासून बंगळुरूपर्यंत सगळ्यांना फोन करून सांगितलं. प्रत्येक वेळी तिला नव्याने हसू यायचं.

मग सरांनी राष्ट्रीय परिषद ठरवली, आणि तीही मोहा पडायच्या मोसमात, म्हणजे पाहुण्यांना ताजी फुलं दाखवता येतील. परिषदेच्या आदल्या आठवड्यात प्रणितची आई मंगलीबाई मोहफुलांनी भरलेली चुंगडी घेऊन जीपने आली. आरमोरीहून ब्रह्मपुरीपर्यंत ती चुंगडी मांडीवर धरून बसली होती, कारण टपावर टाकली तर फुलं रगडतील. प्रयोगशाळेत तो गोड, आंबूस वास भरून राहिला.

मंगलीबाईने खुर्ची नको म्हटलं आणि भिंतीला टेकून खाली बसली. यंत्रांकडे पाहता पाहता तिने दिव्यानीला विचारलं, “ह्या फुलाईनं लाईट लागते मने. खरं हाय का वो बाई?”

प्रत्येकाला द्यायला दिव्यानीकडे उत्तर तयार असायचं. “तुमच्या पोराले विचारा,” ती म्हणाली, आणि तिला हसू फुटलं. ते लपवायलाही ती विसरली.

मंगलीबाईने पोराकडे पाहिलं.

“लागते, माय,” प्रणित म्हणाला.

आईला जीपमध्ये बसवून तो परत आला. दाराशी उभा राहून म्हणाला, “मॅडम, माह्या मायसमोर काऊन हासल्या तुमी?”

“तुझ्या आईला नाही हसले. तुझ्या सरांना हसले.”

“सर नोते इथी. मायच होती.”

दिव्यानी जरा वरमली, पण माघार घेणं तिला जमत नसे. “हे बघ प्रणित. तो थर काही करत नाही. कार्बनचा लेप धन भार सरळ स्फटिकातूनच उचलतो. बाहेर असे सेल कितीतरी वर्षं करतात. तुझ्या मोहाने फक्त मध्ये अडथळा घातला आहे. मोहाशिवायचा एक सेल केलास की कळेल.”

“सर नाई म्हनले.”

“म्हणजे सरांनी नाही म्हटलं की विज्ञान थांबलं?”

प्रणित शांतपणे म्हणाला, “मंग तुमी काऊन नाई केला? तुमच्यापाशी सामान हाय, खोलीची चाबी हाय, नोकरी पक्की हाय. एका दिवसाचं काम होतं ना हे. दोन वर्सं झाले, तुमी हासूनच राह्यल्या.”

“तो माझा विषय नव्हता.”

“हासाचा विषय होता ना जी.”

दिव्यानीचा चेहरा तापला. प्रणित चुंगडी उचलून कोपऱ्यात ठेवायला गेला. तिने पर्स उचलली, घरी गेली, आणि जेवताना वडिलांनी दोनदा विचारूनही काय झालं ते सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती प्रणितच्या आधी प्रयोगशाळेत आली होती. दोघांनी मिळून सेल केले. तीच काच, खाली टिन ऑक्साईडचा तोच थर, एकाच बाटलीतलं पेरोव्हस्काईट. अर्ध्या काचांवर मोहा, अर्ध्यांवर नाही. खुणा काचेच्या मागे केल्या, म्हणजे मोजणाऱ्याला कुठला कोणता ते कळू नये. मोजायला प्रणित बसला. दिव्याखाली एकेक सेल ठेवायचा, आकडा घ्यायचा, पुढचा. सगळे झाल्यावर त्याने काचा उलट्या केल्या.

मोहा नसलेला प्रत्येक सेल मोहा लावलेल्या सेलपेक्षा सरस होता. फरक फार नव्हता, पण कुठेच उलटा नव्हता.

त्याने पुन्हा मोजले. आकडे हलले नाहीत. मग तो स्टुलावर बसला आणि आपल्या बोटांकडे पाहत राहिला. “एवढे वर्सं मी पाक लावून राह्यलो,” तो म्हणाला. “जिलेबीले लावते तसा.”

हे वाक्य खरं तर दिव्यानीच्या तोंडी शोभणारं. पण ते त्याच्या तोंडून ऐकताना तिला हसू आलं नाही. तिने चहा मागवला.

दुपारी दोघं सरांकडे गेले. सर परिषदेच्या फेट्यांचे रंग ठरवत होते. त्यांनी आलेख पाहिला, उलटा करून पाहिला, आणि आधी पुस्तकी मराठीत सुरुवात केली. “अशा घाईघाईत काढलेल्या निष्कर्षांना शास्त्रीय बैठक नसते.”

“सर, हा निष्कर्ष घाईत नाही काढला. मोहाचा काढला होता,” दिव्यानी म्हणाली.

मग सरांची पुस्तकी मराठी गळून पडली. “परिषदेच्या तोंडावर हे काऊन कराले लागले तुमी? पत्रिका वाटून झाल्या, पाव्हने येऊन राह्यले. आता काय सांगू मी लोकाईले?” लगेच त्यांनी स्वतःला सावरलं, टाय नीट केला. “हे ठेवा. परिषदेनंतर पाहू. आणि प्रणित, थीसिसवर मार्गदर्शकाची सही लागते, हे तुला सांगायला नको.”

बाहेर व्हरांड्यात दिव्यानी तणतणत होती. विद्यापीठाला कळवते, कुलगुरूंना भेटते, वर्तमानपत्रात देते. प्रणितने तिला मध्येच थांबवलं. “मॅडम, परिषदेत माहं भाषण हाय. मले विचार करू द्या.”

हा विचार करणार म्हणजे गप्प बसणार, असं दिव्यानीने मनात धरून टाकलं. थोडी चीड आली, थोडी कीव. पण तिला त्याच्याकडून वेगळी अपेक्षाही नव्हती. एकूण माणसांकडूनच तिच्या अपेक्षा फार नव्हत्या.

परिषद झाली ती कॉलेजच्या सभागृहात. स्टेजवर मोहफुलांची रांगोळी. टेबलावर मोहाच्या सेलवर चालणारा एक छोटा बल्ब ठेवलेला. प्रमुख पाहुण्यांनी बटण दाबलं आणि बल्ब लागला. टेबलाच्या झालरीमागे बॅटरी आहे हे विभागातल्या सगळ्यांना माहीत होतं. टाळ्या वाजवण्यात विभागच पुढे होता. मग सत्कार सुरू झाले. आधी सरांनी पाहुण्यांचा केला, मग पाहुण्यांनी सरांचा, मग प्राचार्यांनी दोघांचा. त्यात ‘मोहमाता’ म्हणून मंगलीबाईलाही स्टेजवर बोलावलं. शाल पांघरवली, नारळ दिला, सरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून कॅमेऱ्याकडे पाहिलं. मंगलीबाई कुठे पाहावं ते न कळून नारळाकडे पाहत राहिली.

दुपारी प्रणितचं भाषण होतं. दिव्यानी मागच्या रांगेत बसली, म्हणजे उठून जाता येईल. प्रणितने सांगायला सुरुवात केली: मोहा कसा गोळा केला, अर्क कसा काढला, थर कसा बसवला. सर मान डोलवत होते. आता हा अकरा टक्के म्हणेल, आभार मानेल आणि बसेल, म्हणून दिव्यानीने पर्स खांद्याला अडकवली. तेवढ्यात पडद्यावर दोन पट्ट्या आल्या. एकीखाली लिहिलं होतं ‘मोहासह’, दुसरीखाली ‘मोहाशिवाय’. दुसरी उंच होती.

“हा सेल आम्ही मोहा न लावता केला,” प्रणित म्हणाला. “तो जास्त चालला. म्हणजे आमचा थर भार वाहून नेत नाही. अडवतो. आधी छापलेला आमचा निष्कर्ष चुकीचा आहे. हे आधीच तपासायला पाहिजे होतं, ते आम्ही तपासलं नाही.”

दिव्यानी पर्स खांद्यावर तशीच ठेवून बसून राहिली. पुढच्या रांगेतून नागपूरहून आलेल्या एक वयस्क प्राध्यापिका उठल्या. “म्हणजे या सेलमध्ये मोहाचं काम काय?”

“काहीच नाही, मॅडम.”

त्या समाधानाने खाली बसल्या. दिवसभरात मिळालेलं हे पहिलं सरळ उत्तर होतं, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

बगमारे सर उठले. आता हे कोसळणार, असं दिव्यानीला वाटलं. त्या क्षणी तिला ते पाहायचंही होतं. सरांनी माईक हातात घेतला, घसा साफ केला.

“मित्रहो, याच क्षणाची मी वाट पाहत होतो. वरच्या थराची खरोखर गरज आहे का? या एका प्रश्नाचा ध्यास घेऊन आमचा विभाग इतकी वर्षं झटत होता. मोहा हे केवळ निमित्त होतं. मोह सोडल्याशिवाय प्रकाश नाही, हे आपल्या संतांनी सांगितलं. ते आज आमच्या विभागाने प्रयोगाने सिद्ध केलं. थरविरहित सेल. माझ्या या संकल्पनेला माझ्या विद्यार्थ्याने मूर्त रूप दिलं, याचा मला अभिमान वाटतो.”

टाळ्यांनी सभागृह दणाणलं. काही जण उभे राहिले. असे सेल इतरत्र अनेक वर्षांपासून होतात, असं नागपूरच्या बाई बसल्या जागेवरून सांगत होत्या, पण माईक तोवर आभारप्रदर्शनाकडे गेला होता. प्रणित पडद्याजवळ उभा होता. सर त्याला मिठी मारत होते, आणि त्याचे हात दोन्ही बाजूंना लोंबत होते.

जेवणाच्या मांडवात मंगलीबाई ताट घेऊन एका कडेला बसली होती. खांद्यावरची शाल तिने काढली नव्हती. प्रणित तिच्याजवळ जाऊन बसला. दिव्यानीही गेली.

“मोहा लागत नाई मने?” आईने विचारलं.

“नाई लागत, माय. उलटा अडचन करते.”

“मंग सालोसाल काऊन मांगे?”

“माहीत नोतं.”

मंगलीबाईने भाताचा घास कालवला, पण उचलला नाही. “माहीत नोतं त तसं सांगाचं होतं. मी गावात सांगून ठेवलं ना, आमच्या फुलाईनं लाईट लागते म्हनून. लोक कामावर जाता जाता पुसते, कवा लागते मंगली तुही लाईट.” मग तिने शाल काढली, नीट घडी केली आणि दिव्यानीपुढे धरली. “हे वापस कराचं हाय का, बाई?”

“नाही नाही, ठेवा तुम्ही,” दिव्यानी म्हणाली.

“ठेवून काय करू? गरम होते,” मंगलीबाई म्हणाली, आणि शाल खुर्चीवर ठेवून जेवायला लागली.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं: ‘मोहाविना वीज! ब्रह्मपुरीत क्रांतिकारी संशोधन’. फोटो सरांचा. महिनाभरात सरांनी थरविरहित सेलवर निबंध तयार केला. लेखकांत पहिले सर, मग प्राचार्य, मग गणित शिकवणारा सरांचा भाचा, मग दिव्यानी आणि शेवटी प्रणित. दिव्यानीने आपलं नाव काढायला लावलं. प्रणितने सही केली.

“केलीस?” ती म्हणाली. “भर सभेत खरं बोलून पुन्हा यांच्या शेपटाला लोंबकळलास?”

“तुमच्या नावापुढं डॉक्टर हाय, मॅडम. माह्या लागाचा हाय.” तो काचा धूत होता, त्याने मान वर केली नाही. “जेवढं खोटं होतं तेवढं मी सांगून टाकलं. ह्या पेपरात आकडे त खरे हायेत. नावं त्याईची त्याईले मुबारक.”

तिला तो हिशेब पटला नाही, आणि खोडताही आला नाही. दुसऱ्या दिवशी तिने टिन ऑक्साईडच्या द्रावाची बाटली त्याच्यापुढे ठेवली. “वरच्या थराचं झालं. खालच्याचं बघायचं का?”

खालचा टिन ऑक्साईडचा थर तसा कामाचा, पण त्याच्या पृष्ठभागावर बारीक खोट असते. ऋण भार तिथे येऊन अडकतात आणि वाया जातात. ती खोट पोटॅशियमच्या मिठाच्या पातळ द्रावाने भरून निघते. पण प्रमाण चुकलं तर सगळा थर फुकट. दिव्यानीला हे पुस्तकातून माहीत होतं आणि बंगळुरूत तिने दुसऱ्यांना करताना पाहिलं होतं. तिचा स्वतःचा हात उतावळा. प्रणितचा हात मोहावर घासून घासून शांत झालेला. तिने सांगायचं, त्याने करायचं, तो चुकला की तिने खवचट बोलायचं, आणि ती चुकली की त्याने गप्प राहून पुन्हा काच धुवायची, अशी त्यांची रीत बसली. पावसाळ्याच्या तोंडाशी दिव्यानीने नायट्रोजनच्या सिलिंडरसाठी प्राचार्यांच्या दारात ठाण मांडलं आणि तो मिळवला. पेटीतल्या ढाली काढून तिने सरांच्या टेबलावर नेऊन ठेवल्या. “इथे धूळ बसेल,” सर म्हणाले. “बसू द्या, सर,” ती म्हणाली. “शोभेल.”

भर पावसात त्यांचे सेल पंधरा टक्क्यांच्या वर गेले. दिव्यानीला स्वतःवरही भरवसा नव्हता, म्हणून तिने ते नागपूरच्या प्राध्यापिकांकडे मोजायला पाठवले. त्यांच्याकडे आकडा थोडा खाली आला. दिव्यानीने तोच छापायचा ठरवला. निबंधावर पहिलं नाव प्रणितचं, दुसरं तिचं. तिसरं नव्हतं.

ते सरांना कळलं तेव्हा त्यांनी आरडाओरडा केला नाही. दिव्यानीला पहिल्या वर्षाची सगळी प्रात्यक्षिकं लावली, वर कॅन्टीन समिती दिली, आणि प्रणितचा थीसिस टेबलाच्या उजवीकडून डावीकडे सरकवून ठेवला. तिथेच तो दिवाळीपर्यंत राहिला. दिव्यानी लोलकाची आंदोलनं मोजवत राहिली आणि कॅन्टीनच्या वड्यात सोडा जास्त आहे असे शेरे मारत राहिली. पहिल्या वर्षाच्या मुलांना ती फार खडूस वाटे. प्रणितला अधूनमधून वाटे की हे सगळं सोडावं आणि गोंडपिपरीच्या ज्युनिअर कॉलेजात जागा निघाली आहे तिथे जावं. तो अर्जही करून आला. दोघांचा निबंध परीक्षकांनी दोनदा परत पाठवला, आणखी मोजणी मागितली. ती त्यांनी केली. हिवाळा सरता सरता तो स्वीकारला गेल्याचं कळलं. नियतकालिक फार मोठं नव्हतं. पण पाठवलेलं सगळं ते छापत नव्हतं.

त्यानंतर आठवडाभरात थीसिसवर सही झाली. सरांना दया आली असं दिव्यानीने क्षणभरही मानलं नाही. कॉलेजचं मूल्यांकन करणारी समिती येणार होती, आणि किती विद्यार्थ्यांना पीएचडी मिळवून दिली हा रकाना सरांना भरायचा होता.

प्रणितची तोंडी परीक्षा झाली त्या दिवशी दिव्यानी त्याला सोडायला बसस्टँडवर आली. गोंडपिपरीचं बोलावणं त्याला आलं होतं. पुढच्या महिन्यात तिथे रुजू व्हायचं होतं. ऊन चांगलंच तापलं होतं. रस्त्यापलीकडे नवा फ्लेक्स लागलेला. ‘सौर संशोधनात गगनभरारी. प्रेरणास्थान, संकल्पक व मार्गदर्शक डॉ. एम. डी. बगमारे’. सरांचा फोटो कमरेपर्यंत, फेट्यासह. खालच्या कोपऱ्यात दिव्यानीचा पासपोर्ट फोटो, कॉलेजच्या जुन्या ओळखपत्रावरून काढलेला. तिच्या शेजारी फोटोविना एक नाव: ‘प्रमित मडावी’.

“फ्लेक्सवाल्याला फोन लावते,” दिव्यानी म्हणाली. “नाव चुकलं तुझं.”

“राहू द्या, मॅडम.”

“राहू द्या काय? तुझं काम आहे.”

“काम माहं हाय. फ्लेक्स त्याईचा हाय.” प्रणितने डोळ्यांवर हात धरून पुन्हा एकदा वर पाहिलं. “त्याच्यावर बरोबर नाव असनं बी काई इज्जतीची गोष्ट नाई.”

दिव्यानी मोठ्याने हसली. बाकावरच्या बायांनी वळून पाहिलं. तेवढ्यात त्याच्या गावाकडे जाणारी आरमोरीची गाडी लागली. प्रणित पिशवी सांभाळत गर्दीत घुसला, खिडकीतून हात काढून त्याने काहीतरी सांगितलं, ते इंजिनाच्या आवाजात तिला ऐकू आलं नाही. तिने मान हलवली. मग ती कॉलेजकडे निघाली. पहिल्या वर्षाच्या मुलांची प्रात्यक्षिकं होती, आणि तिच्यावाचून ती मुलं आकडे घरूनच लिहून आणत.